उसनवारीची गोष्ट मागे घेतोय

चि. ईशानास,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, आभासी कण खरे असतात का?" हा तुझा प्रश्न परवा फोनवर मी हसण्यावारी नेला. चूक माझीच. तू आठवीत असताना मीच तुला सांगितलं होतं, की हे कण पोकळीकडून ऊर्जा उसनी घेतात, क्षणभर जगतात आणि कुणाला कळायच्या आत फेडून टाकतात. गोष्ट झकास, पण गणितात असं काही घडत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने 1949 साली छापलेल्या, कणांच्या परस्परक्रियांच्या आकृत्या तू पाहिल्यास. एकेक आकृती म्हणजे ती क्रिया घडण्याची शक्यता काढायच्या लांबलचक बेरजेतलं एकेक पद. बाहेरच्या रेघा म्हणजे येणारे-जाणारे कण, ते यंत्रात सापडतात. आतल्या रेघा ते आभासी. रेघा जिथे मिळतात तिथे ऊर्जा आणि संवेग पैन् पै जुळतात, उसनवारी नाहीच. मोडतो तो ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांना बांधणारा नियम. न्यूट्रॉन फुटून प्रोटॉन होतो त्या ऱ्हासात आतली रेघ म्हणून येणारा डब्ल्यू बोसॉन हा कण बघ. त्या ऱ्हासात जेमतेम 0.78 एमईव्ही (कणांच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा सुटते आणि डब्ल्यूचं वस्तुमान आहे त्याच्या लाखपट. खरा डब्ल्यू 1983 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत सापडला. न्यूट्रॉनमधला मात्र गणितातलं पद आहे.

98 पानी सात वह्यांची पानं तू कशी मोजशील? 700 वजा 14. पानं 686 खरी, पण ती 700 पानं कुठे होती? कुणी 630 अधिक 56 करेल, त्याचे तुकडे वेगळे. आभासी कण हे असेच हिशेबातले तुकडे. प्रोटॉनचं वस्तुमान संगणकावर अवकाशकालाची जाळी मांडून काढतात, तिथे या आकृत्या लागतच नाहीत.

आभासी कण खरे असल्याचा पुरावा म्हणून सगळे कासिमिर परिणाम पुढे करतात. पोकळीत अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातूपट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात हे खरंच, 1997 साली ते नीट मोजलंही गेलं. पण तेच बळ पट्ट्यांमधल्या विद्युतभारांच्या परस्परक्रियेतूनही काढता येतं, पोकळीतल्या ऊर्जेचं नावही न घेता.

तरी एक खडा मला टोचतोच. ताऱ्यातून निघून तुझ्या डोळ्यात विरणारा फोटॉनही, म्हणजे प्रकाशाचा कणही, काटेकोर बघितलं तर, दोन टोकांमधली आतली रेघच की. तो वस्तुमानाच्या नियमाच्या इतका जवळ असतो, की आपण त्याला बिनदिक्कत खरा म्हणतो. मग सीमारेषा कुठे ओढायची?

रविवारी फोन करशील तेव्हा आधी याचं उत्तर दे, तब्येतीची चौकशी नंतर.

तुझा,
बाबा