कन्हेरगडावरून दिसलेली डोंगरी

ती. आई-बाबांस,
सा. न.

चाळीसगावच्या घराचं काय ठरलं म्हणून बाबा दर फोनला विचारतात, आणि तेवढ्यात पलीकडून दादाची पोरं फोन ओढून घेतात. म्हणून सरळ लिहितेच.

रविवारी आम्ही पाटणादेवीला गेलो होतो. आई, तुझी ओटी भरली. गर्दी नव्हती, त्यामुळे चंडिकेसमोर निवांत बसता आलं. मग पोरांनी धरला हट्ट, कन्हेरगडावर जायचंच. ह्यांचे गुडघे बोलायला लागले होते, तरी नागार्जुन कोठीच्या लेण्यापर्यंत आले. तिथल्या जैन मूर्ती पाहून ते सावलीत टेकले आणि आम्ही वर गेलो. चढण तशी फार नाही, पण मुरमावरून पाय सटकतो. तुम्ही दोघं यायचं म्हणाल तर नाहीच म्हणेन. देवळापर्यंत मात्र गाडी जवळ जाते.

वर कड्याच्या टोकाशी गेलं की खालची सगळी दरी एकदम उघडी पडते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. समोरचे काळे कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेले, आणि जिथे म्हणून घळ आहे तिथून पाण्याची पांढरी धार. धवलतीर्थ धबधब्याचा आवाज येत होता. आणि या सगळ्या धारा, बाबा, एकाच ठिकाणी उतरतात, डोंगरी नदीत. डोंगराने तीन बाजूंनी धरलेली परातच ती, आणि तोंड आपल्या चाळीसगावकडे.

2021 च्या ऑगस्टअखेरची ती पुराची रात्र डोक्यात आली. "पानी उनं, पानी उनं" करत गल्लीतले लोक धावत होते, आणि गावात तर तेवढा पाऊसही नव्हता. तुम्ही तेव्हापासून म्हणता, एवढं पाणी आलं कुठून? तर इथून. तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून हिशोब मांडते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पडला की 10 कोटी. आणि परात काही एक किलोमीटरची नाही. खाली सगळा बेसाल्टचा खडक, त्यावर मातीचा पातळ थर. तो एकदा भिजून तुडुंब झाला की पाणी मुरायचं कुठे? उतारावरून सुटतं ते थेट खाली. त्या रात्री डोंगरी आणि तितूर दोन्ही नद्या एकदम फुगल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला.

जंगल तोडलं म्हणून पूर आला, असं तुम्ही म्हणत होतात. मला ते पुरतं पटत नाही. तिथे 1986 पासून गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे, आणि पावसाळ्यात वरून पाहिलं तर झाडी दाटच दिसते. तेवढा पाऊस एकदम आला तर झाडीही किती अडवणार? गावात आपणच नदीचं पात्र आवळत आणलं, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

अजून एक, खास तुमच्यासाठी. पोरांना पाटण्याच्या शिलालेखाबद्दल सांगितलं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. त्या लेखात निकुंभ राजांचं दान आहे आणि शेवटच्या ओळी चक्क मराठीत आहेत. 1207 सालच्या! धाकट्याने विचारलं, म्हणजे इथे गणिताचा क्लास होता का? मी हो म्हटलं. तुम्ही असतात तर तास घेतला असता.

आता घराचं. विकू नका असं माझं मत आहे. पुराचं घर म्हणून भाव पाडूनच मागतील. पण खालच्या खोल्या पूर्वीसारख्या करून राहायच्या, हा विचार सोडा. देवघरामागच्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून आहे, दोनदा चुना मारला तरी ओल चढली की वर येते. माझ्या खांद्याएवढी उंच. तर धान्याच्या कोठ्या, कागदपत्रं, गादीचं कपाट सगळं माडीवर. विजेचा बोर्ड वर घ्यायचा. खाली फक्त ओटा, मोरी आणि सायकली. गवंडी म्हणतो, जोतं उचलायचं तर भिंती पाडाव्या लागतील. तो खर्च मला नको वाटतो, दादाला विचारा.

आई, तुझं शिलाई मशीन उघडून तेल घातलं. चाक फिरतं, पण शटलला गंज आहे. दुरुस्तीला देऊ की पुण्याला पाठवू? जिना अरुंद आहे, माडीवर न्यायचं तर पाय सुटे करावे लागतील, म्हणून आधी विचारते.

गवंडी पितृपक्षापर्यंत मोकळा आहे, नंतर त्याची दुसरी कामं लागलीत. तेवढ्यात कळवा. बाबा, रात्रीची गोळी चुकवू नका. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
शोभा