जुनी पोलो जीटी घेताना आधी क्लच तपासा

महोदय,

चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो २०२२ मध्ये बंद झाली, तरी तिच्या जुन्या जीटी टीएसआयला, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनाच्या ऑटोमॅटिक गाडीला, गिऱ्हाईक भरपूर. खरेदीदार रंग आणि टायर निरखतात; २०२० पूर्वीच्या १.२ लिटर गाडीत खरी गोम सात गिअरच्या डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आहे. त्यातले दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले. वाहतूक कोंडीत गाडी इंच-इंच सरकवली की क्लच अर्धवट घासत राहतात, तापतात आणि झिजतात. म्हणून पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मगच ब्रेक सोडावा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणे तर नकोच.

चाचणी इंजिन चांगले तापल्यावर घ्या. १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर. २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. सुटताना थरथर आली तर पहिल्याचा संशय, चढावर मागे घेताना आली तर दुसऱ्याचा. क्लच बदलताना मात्र दोन्हींचा जोडसंच येतो, खर्च मोठा. तेवढी रक्कम किमतीतून वजा करूनच सौदा करावा.

इंजिन ऑइल फोक्सवॅगनच्या ५०२.०० मानकाचे, फुल सिंथेटिक. शहरी वापरात ७,५०० किलोमीटरला बदललेले बरे. टर्बो इंजिनाच्या तेलात काटकसर नको.

– एक वाचक, पुणे