फुकट शिक्षण मिळतंय की!

ऍन आर्बर, मिशिगन
ऑक्टोबर २०२५

प्रिय संद्या,

"फुकट शिक्षण मिळतंय की, वर आणि पैसे कशाला?" इथल्या कॉलेजांच्या खेळाडूंबद्दल परवा फोनवर तू म्हणालास आणि मी गप्प बसलो, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो. आपल्या कॉलेजच्या कबड्डी संघाला काय मिळायचं? ट्रॅकसूट, एसटीचं भाडं, सामना संपल्यावर वडापाव. पण आपल्याला बघायला यायची पन्नास माणसं, त्यातली निम्मी समोरच्या संघाची. इथल्या कॉलेजच्या फुटबॉलला (अमेरिकन, आपला नव्हे) लाखाहून जास्त माणसं तिकीट काढून बसतात. मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉलचे टीव्ही हक्क २०१० साली चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना गेले. आणि २०१४ साली त्याच स्पर्धेत जिंकलेल्या कनेक्टिकट संघाचा शबाझ नेपियर सांगत होता की काही रात्री तो उपाशी झोपतो!

आता माझंच बघ. माझी फी माफ आहे, आणि आठवड्याला वीस तास पोरांना शिकवतो, पेपर तपासतो, त्याचा पगार वेगळा. 'फुकट शिकतोस, मग पगार कसला' असं मला कोणी म्हणत नाही. मग त्या पोरांनाच का?

'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द मला फार गोड वाटायचा. त्याचा उगम कळला आणि उतरलाच. १९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू कॉलेजच्या सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगाराच्या वारसाला मिळते तशी भरपाई मागितली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाही म्हटलं. का, तर कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. असल्या दाव्यांच्या धास्तीनेच एनसीएएने, म्हणजे कॉलेज-खेळांच्या इथल्या संघटनेने, हा शब्द रुजवला: खेळाडू म्हणजे विद्यार्थी, कामगार नव्हे. तिचा तेव्हाचा प्रमुख वॉल्टर बायर्स यानेच नंतर हे लिहून ठेवलं.

आता वारं फिरलंय. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात कोर्टाने तडजोड मंजूर केली: जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर, आणि यापुढे कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. यातला मोठा घास फुटबॉलवालेच खाणार, हे मला खुपतं. पोहणाऱ्या, धावणाऱ्या पोरींच्या वाट्याला चिल्लर. शिवाय माझ्यासारखेच एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेले परदेशी खेळाडू इथे जाहिरातीचं काम करायला गेले तर व्हिसाच धोक्यात.

डेनिसनबद्दल वाचताना मला तुझा गुडघा आठवला रे. झोनलला पकड करताना गेला तो. खेळत होतास कॉलेजसाठी, ऑपरेशनला म्हैस विकली अण्णांनी. कॉलेजातून आले ते सर, हातात गुच्छ. आपल्याला तेव्हा त्याचंही केवढं अप्रूप!

जिना चढताना अजून दुखतो का? खरं सांग, आणि अण्णांना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या