दापोडीच्या काकांना, एडिसनहून

काका, सा. न.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणता आणि लगेच फोन काकूंकडे देता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं.

२०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या क्युबेकची जंगलं पेटली आणि तो धूर शेकडो मैल खाली न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनपर्यंत आला. ७ तारखेला पलीकडे न्यूयॉर्कचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं होतं आणि हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला होता. घराच्या खिडक्या बंद करता येतात, पण शाळा, डॉक्टर, वाणसामान हे सगळं गाडीनेच. आमच्या सिएना गाडीत बसलं की लेकीला खोकल्याची उबळ यायची. तिचा दमा तुम्हाला माहीतच आहे. एसी लावला की आधी कुबट वास, मग धुराचा वास, आणि हवा तर जेमतेम. सर्व्हिस सेंटरवाले पुढच्या आठवड्यातली वेळ देत होते.

तुम्ही तेव्हा मुलीकडे आला होतात. पार्किंगमध्ये आमचं बोलणं कानावर पडलं आणि तुम्ही थांबलात. उभी हयात एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, लाल गाड्यांच्या बॉड्या आणि इंजिनं हाताखालून गेलेली. टोयोटाची ही सात-आठ माणसांची गाडी मात्र तुम्ही कधी उघडून पाहिली नव्हती. तसं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. आणि मग म्हणालात, ‘गाडी कुठलीही असू दे. आधी हवा कुठून शिरते ते बघू.’

काका, माझे सगळ्यात जास्त आभार या वाक्यासाठी आहेत.

एसीची हवा गाळणारा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या, मागे असतो. पण तुम्ही आधी त्या कप्प्याला हातही लावला नाहीत. बॉनेट उघडायला लावलंत आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली असलेली जाळी दाखवलीत. बाहेरची हवा इथून आत जाते. त्या जाळीत ओकची पानं आणि फुलोरा कुजून चिखल झाला होता. कुबट वास तिथला होता. नुसता फिल्टर बदलून तो गेलाच नसता, हे मला कुणी सांगितलं असतं? तुम्ही जुना टूथब्रश मागितलात आणि ती जाळी आधी साफ करून घेतलीत.

मग आतलं काम, आणि तेही माझ्याच हाताने. ‘मी करून दिलं तर मी गेल्यावर काय करशील?’ असं म्हणून तुम्ही बाजूला उभे राहिलात. ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, बाजूची छोटी दांडी सोडवली, दोन्ही बाजू आत दाबल्या आणि अख्खा कप्पा बाहेर आला. मागे प्लास्टिकचं आडवं झाकण. क्लिप दाबून ते काढलं की फिल्टर खणासारखा ओढून घ्यायचा. स्क्रू नाही, पाना नाही. ओढण्याआधी मात्र तुम्ही थांबवलंत आणि मास्क लावायला लावलात. फिल्टरवर उंदराने आणून ठेवलेला कापूस आणि ओकच्या फळांची टरफलं निघाली तेव्हा कारण कळलं. तो कचरा तुम्ही सुका झाडू दिला नाहीत. जंतुनाशक फवारून ओल्या कागदाने टिपायला लावलात. ब्लोअर चालू करून बघू का, असं यांनी विचारलं तर ‘फिल्टर बाहेर असताना अजिबात नाही, एखादं पान पंख्यात गेलं की वेगळंच काम निघेल’ म्हणालात.

बाणाची गोष्ट तर मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितली आहे. जुन्या फिल्टरवर ‘अप’ लिहिलेला बाण होता, तो वर. दुकानातून आणलेल्या नव्या फिल्टरवर ‘एअर फ्लो’ लिहिलेला बाण. कुणीही दोन्ही बाण एकाच दिशेला ठेवले असते. तुम्ही जुना फिल्टर हातात धरून विचारलंत, ‘कचरा कुठल्या अंगाला आहे?’ वरच्या. म्हणजे हवा वरून खाली, ब्लोअरकडे जाते. म्हणून हवेची दिशा दाखवणारा बाण खाली. जुना बाण फक्त फिल्टरची वरची बाजू सांगत होता. गाडीचं पुस्तक न उघडता, नुसत्या मळावरून तुम्ही हे ओळखलंत. शिकलेल्या माणसाची अशी नजर मी फार कमी वेळा पाहिली आहे.

खोटा धीरही तुम्ही दिला नाहीत. फिल्टरमधला कोळशाचा थर वास ओढून घेईल, घड्यांचा कागद धुळीचे आणि काजळीचे बरेच कण अडवेल, पण सगळेच नाही. म्हणून धूर असेपर्यंत आतलीच हवा फिरवायचं बटण दाबून ठेव, म्हणजे तीच हवा पुनःपुन्हा फिल्टरमधून जाईल. आणि लांबच्या प्रवासात मधूनमधून बाहेरची हवा घे, नाहीतर गाडीत बसलेल्यांना जडपणा येईल. हे सगळं मी आजही पाळते.

लेकीचा दमा औषधांनी आटोक्यात आहे आणि त्याचं श्रेय डॉक्टरांचं. पण गाडीत बसताक्षणी येणारी तिची उबळ थांबली, पावसात काचेवर धरणारी वाफ आता झटकन जाते, हे तुमचं. फिल्टर आता मीच बदलते: झाडांचा फुलोरा पडून गेला की जाळी साफ, मग नवा फिल्टर. कॉम्प्लेक्समधल्या दोन-तीन मैत्रिणींनाही त्यांच्याच हाताने करायला लावलं, बाजूला उभं राहून.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुण्याला येतोय, दापोडीला नक्की येऊ. जुन्या एसटीच्या इंजिनांना तेलाचा एअर क्लीनर असायचा, त्यातल्या तेलाला धूळ चिकटून राहायची, असं तुम्ही जाता जाता सांगितलं होतं. ते लेकीच्या डोक्यात बसलंय. तिला तो कागदावर काढून दाखवाल ना? ती वही घेऊन येणार आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची,
एडिसनची शेजारीण