फ्रेंच मालिकेचं काम घेताना

पुणे

प्रिय निखिल,

फ्रान्सची अ‍ॅनिमेशन मालिका मिळतेय, ११ मिनिटांचे ५२ भाग! मजा आहे. पण मिनिटाचा दर कितीही चांगला असो, पैसा रीटेकमध्ये, म्हणजे झालेला सीन पुन्हा करण्यात जातो. आपल्या चुकीचा रीटेक फुकट. दिग्दर्शकाचं मत बदललं म्हणून आलेल्याचे पैसे. ही फोड करारातच लिहून घे आणि रीटेक शीटमध्ये तिचा वेगळा रकाना ठेव. तोंडी ठरलेलं कुणी मानत नाही.

फ्रेम रेट आधी विचार. युरोपच्या टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम लागतात, म्हणजे भागाला १६,५००. कुणी जुन्या प्रोजेक्टच्या सवयीने २४ वर काम केलं, तर तीन सेकंदांच्या सीनमध्ये तीन फ्रेम कमी पडतात. चेकरच्या नजरेतून ते सुटतं, एडिटवर उघडं पडतं.

खरा वेळ रिगवर, म्हणजे पात्राच्या सांध्यांवर हलणाऱ्या सांगाड्यावर घाल. हार्मनी सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररीतलं टेम्प्लेट, म्हणजे साठवलेलं रिग, सीनमध्ये कॉपी होऊन बसतं. मूळ रिग सुधारलं तरी झालेले सीन तसेच राहतात. कोपराचा पिव्होट, म्हणजे हात जिथून वळतो तो बिंदू, चुकलाय हे तिसऱ्या भागात कळलं, तर सीन न् सीन उघडायचा. म्हणून प्रत्येक पात्र आधी चालव, बसव, सगळ्या बाजूंनी वळव, हात डोक्यावर ने. सांधे तिथेच उघडे पडतात. मग लेखी मंजुरी घे आणि रिगला कुलूप लाव. बोलतानाचे तोंडाचे आकार नेहमीचे आठ, त्यांची नावं इंग्रजी अक्षरं, ए ते जी आणि एक्स. आवाज फ्रेंच असेल तर ओठांचा चंबू करून काढलेले स्वर फार येतात, तेव्हा ई आणि एफ नीट काढून घे. टाइमकोडसह इंग्रजी भाषांतरही माग. जोर कुठल्या शब्दावर आहे हे कळलं नाही की अ‍ॅनिमेटरचे हातवारे भलत्याच जागी पडतात.

सीन सुटे वाटू नकोस, सलग सीक्वेन्स एकाच्या हाती दे. नाहीतर सीन १२ मध्ये उजव्या हातातला कप १३ मध्ये डाव्या हातात जातो. हा रीटेक तुझ्याच खात्यावर.

पॅरिस उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. सकाळी सीन चढवलेस तर शेरे त्याच दिवशी मिळू शकतात. ऑगस्टमध्ये मात्र तिथली निम्मी माणसं सुट्टीवर. मंजुऱ्या जुलैतच उरकून घे, नाहीतर तुझी टीम पगारावर बसून राहील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय