कपाटाची किल्ली पोरांकडे द्या

मा. संपादक,
15 ऑक्टोबर आला की शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन, म्हणजे कलामसाहेबांच्या फोटोला हार, एक भाषण, पुस्तकं हातात धरून ग्रुप फोटो आणि तो व्हॉट्सअॅपवर टाकला की झालं, पुस्तकं परत कपाटात. माझ्या मुलीच्या शाळेत तर कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्या बाईंकडे त्या कायम तासावर, मग पोरांनी वाचायचं कधी? पुस्तकं फाटतील म्हणे! अहो फाटू देत की, चिकटपट्टी कशाला असते मग. महाबळेश्वरजवळच्या भिलार या 'पुस्तकांच्या गावात' 2017 पासून घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुणीही या, उचला, वाचत बसा, तिथे जमतं तर शाळेला का नाही? बालभारतीचा 'किशोर' 1971 पासून निघतोय, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, पण किती पालकांना माहितीये? आणि ते "वाचलंस ना, आता सारांश लिहून आण" हे आधी बंद करा, त्यानेच पोरं पळतात. शनिवारी शेवटचा तास नुसता वाचायला ठेवा, भुताच्या गोष्टी वाचोत नाहीतर पेपरातलं क्रिकेटचं पान, मध्ये बोलू नका.

– एक पालक, डोंबिवली