शनिवारचा खेळ : 'फॉलोइंग' (१९९८)

सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला नेहमीच्या सभागृहात ख्रिस्तोफर नोलनचा पहिला चित्रपट दाखवणार आहोत. वेळेवर या, ही विनंती नेहमीचीच, पण या वेळी जरा निक्षून. कथा मागेपुढे उड्या मारत सांगितली आहे. पहिली पाच मिनिटं हुकली, तर शेजाऱ्याला विचारत बसाल आणि त्याचाही विचका कराल.

लंडनमधला एक बेकार, होतकरू लेखक रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या मागे मागे फिरतो. एकाच माणसाच्या मागे पुन्हा जायचं नाही, हा त्याचाच नियम. तो मोडतो तिथून गोष्ट सुरू होते. कॉब नावाचा सुटाबुटातला चोर त्याला कॅफेत गाठतो आणि घरफोडीला सोबत नेतो. कॉबला पैशांपेक्षा लोकांच्या खासगी वस्तूंच्या खोक्यात जास्त रस! तो प्रसंग नीट बघा.

कृष्णधवल, १६ मिमी फिल्म, जेमतेम सत्तर मिनिटं. नोकरी करणारे मित्र नट म्हणून घेऊन शनिवारी-शनिवारी केलेलं हे चित्रीकरण वर्षभर चाललं. फिल्म वाया जाऊ नये म्हणून तालमी भरपूर, टेक एक किंवा दोन. नायकाच्या दारावर बॅटमॅनचं चिन्ह आहे, तेही दिसेल. नोलनचा बॅटमॅन यायला तेव्हा सात वर्षं होती.

संवाद इंग्रजी, सबटायटल्स इंग्रजीच. ज्यांनी आधी पाहिलाय त्यांनी ग्रुपवर शेवट फोडू नये. नंतर चर्चा, चहा. पाहुणा आणणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.

— कार्यवाह